फिरता फॉरवर्ड : एक अभ्यास



मराठी विभागात फुटबॉल कुठून आला, असं लेखाचं नाव ऐकून दोघी-तिघींनी विचारलं. त्यात मी मुलगी, ब्रँच मेकॅनिकल आणि शाळा कॉन्व्हेंटची. म्हणजे तिन्ही बाजूंनी संशयाला जागा! पण विषय मी मुद्दाम निवडला आहे. मेस्सी-रोनाल्डोवर लिहायला अख्खं जग आहे, आणि बॉईज हॉस्टेलच्या निम्म्या भिंती त्यांच्याच पोस्टर्सनी भरल्या आहेत. मला लिहायचं आहे ते ज्याचं पोस्टर निघत नाही अशा फॉरवर्डबद्दल. दर एक-दोन वर्षांनी तो नव्या गावात जातो, नवी जर्सी घालतो, आणि त्याचं नाव निघालं की लोक दोन शब्दांत निकाल देऊन मोकळे होतात : ''टिकत नाही.''

हा निकाल बरोबर आहे का, एवढाच या अभ्यासाचा प्रश्न आहे. सबमिशनच्या धामधुमीतून वेळ काढून मी जे वाचलं आणि जुळवलं, ते क्रमाने मांडते.

१) शब्दापासून सुरुवात

अशा खेळाडूला इंग्रजीत 'जर्नीमन' म्हणतात. 'जर्नी' म्हणजे प्रवास, तेव्हा जर्नीमन म्हणजे सारखा फिरणारा, असा अर्थ बहुतेक जण लावतात. पण शब्दाचं मूळ वेगळं आहे. तो फ्रेंच 'जूर्ने' या शब्दावरून आला, आणि त्याचा अर्थ दिवस, दिवसभराचं काम. जुन्या युरोपात कारागिरांच्या तीन पायऱ्या असत. पहिला उमेदवार, जो उस्तादाच्या हाताखाली शिकायचा. दुसरा जर्नीमन, म्हणजे काम पुरतं शिकलेला, पण स्वतःचं दुकान नसल्यामुळे रोजावर काम करणारा. आणि तिसरा स्वतः उस्ताद. जर्मनीत तर सुतार, गवंडी शिकून तयार झाले की तीन वर्षं आणि एक दिवस गावोगाव फिरून काम करत. काही जण ही रीत आजही पाळतात.

म्हणजे आपल्या भाषेत जर्नीमन हा 'रोजंदारीवरचा कारागीर'. यात दोन गोष्टी आहेत, त्या वहीत लिहून ठेवा. एक, त्याला काम येतं. दोन, दुकान त्याचं नाही. लोक त्याच्या फिरण्याकडे बघतात आणि या दोन्ही गोष्टी विसरतात.

२) फॉरवर्डचा हिशोब

फुटबॉलमध्ये गोलकीपर वर्षानुवर्षं एका जागी टिकू शकतो. डिफेंडरचं चांगलं काम म्हणजे काही न घडू देणं, त्यामुळे त्याचं मार्कशीट लवकर कुणी काढत नाही. फॉरवर्डचं तसं नाही. त्याचा निकाल दर आठवड्याला पेपरात छापून येतो : गोल केला की नाही केला. पाच मॅच गोल नाही झाला, की सहाव्या मॅचला तो बाकावर बसतो आणि हंगाम संपला की सुटकेस भरतो. म्हणूनच जगभर सगळ्यात जास्त क्लब बदलणाऱ्यांत फॉरवर्ड मोठ्या संख्येने दिसतात.

उरुग्वेचा सेबास्टियन अब्रेऊ हे टोकाचं उदाहरण. डिसेंबर २०१७ मध्ये चिलीच्या ऑडॅक्स इटालियानो क्लबात तो दाखल झाला, तेव्हा तो त्याचा सव्विसावा क्लब होता, आणि त्याची नोंद गिनेस बुकात झाली. त्यानंतरही तो खेळतच राहिला, २०२१ मध्ये थांबला. आता अशा माणसाला 'टिकत नाही' म्हणणं सोपं आहे. पण हाच अब्रेऊ २०१० च्या वर्ल्ड कपच्या उपांत्यपूर्व फेरीत घानाविरुद्ध शेवटची पेनल्टी मारायला उभा राहिला. सगळ्या देशाचा जीव टांगणीला असताना त्याने चेंडू हळूच मधोमध उचलून टाकला आणि उरुग्वे उपांत्य फेरीत गेलं. काम येत नसतं तर हे जमलं नसतं.

दुसरं उदाहरण इंग्लंडच्या खालच्या लीगमधलं, रिकी लॅम्बर्ट. ब्लॅकपूल क्लबने सोडल्यावर काही काळ तो बिटाच्या बरण्यांना झाकणं लावायच्या कारखान्यात काम करत होता. पुढे मॅकल्सफील्ड, स्टॉकपोर्ट, रॉचडेल, ब्रिस्टल रोव्हर्स अशी त्याची फिरती चालू राहिली. यातली बरीच नावं आपण कधी ऐकलेलीही नसतात. २००९ मध्ये तो साऊदम्प्टनला आला, तेव्हा तो क्लबही तिसऱ्या पायरीवर घसरलेला होता. तिथून क्लब आणि लॅम्बर्ट दोघंही वर चढले. ऑगस्ट २०१३ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो इंग्लंडकडून पहिल्यांदा स्कॉटलंडविरुद्ध मैदानात उतरला आणि चेंडूला झालेल्या पहिल्याच स्पर्शाला त्याने गोल केला.

आता ही गोष्ट 'मेहनतीचं फळ मिळतंच' या सुविचाराखाली टाकून पुढे जाता येईल. पण मला तिच्यातलं दुसरंच काही दिसतं. लॅम्बर्टला खाली पडल्यावर उभं राहायला पायऱ्या होत्या. इंग्लंडमध्ये पहिल्या लीगच्या खाली दुसरी, तिसरी, चौथी व्यावसायिक लीग आहे, तिच्याखाली अर्धव्यावसायिक क्लब आहेत, आणि यांतले कित्येक क्लब शंभर वर्षांपेक्षा जुने आहेत. खेळाडू फिरतो, क्लब जागच्या जागी असतात. आपल्याकडे काय होतं, ते आता पाहू.

३) कोल्हापूर ते भुवनेश्वर

आपल्या भागात फुटबॉल म्हटलं की आधी कोल्हापूर. सांगलीहून पन्नासेक किलोमीटर. तिथे पेठांतल्या तालमींचेच फुटबॉल संघ आहेत : पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. कुस्तीच्या तालमीने फुटबॉलचा संघ उभा करावा, आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांची मॅच बघायला हजारोंनी लोक यावेत, असं दुसरीकडे क्वचितच दिसेल.

याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव, जन्म जुलै २०००. खेळायचा पुढच्या फळीत, कधी मधोमध तर कधी विंगला. राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत तो तयार झाला, नंतर पुणे एफसीच्या अकादमीत गेला. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात सतरा वर्षांखालील मुलांचा वर्ल्ड कप झाला. फिफाच्या वर्ल्ड कपमध्ये खेळणारा हा भारताचा पहिलाच फुटबॉल संघ, आणि त्यात अनिकेत होता. भारत तिन्ही सामने हरला : अमेरिकेशी ०-३, कोलंबियाशी १-२, घानाशी ०-४. पण त्या मुलांना सगळ्या देशाने पाहिलं.

पुढचा महिनाही महत्त्वाचा. फुटबॉल फेडरेशनने याच वयाच्या मुलांचा 'इंडियन ॲरोज' हा संघ मोठ्यांच्या आय-लीगमध्ये उतरवला. २९ नोव्हेंबर २०१७ ला त्यांनी चेन्नई सिटीला ३-० हरवलं. त्यातले दोन गोल अनिकेतचे होते, वय सतरा!

त्यानंतरचा त्याचा प्रवास असा. २०१९ मध्ये काही महिने इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये सराव (हा क्लब २०१० पासून पुण्याच्या व्यंकीज कंपनीच्या मालकीचा आहे). मग जमशेदपूर. २०२१ मध्ये हैदराबाद. मार्च २०२२ मध्ये हैदराबाद आयएसएलचा विजेता झाला, आणि त्याच महिन्यात बहारीनला गेलेल्या भारताच्या सिनियर संघात अनिकेत होता. त्याच वर्षी ईस्ट बंगाल, म्हणजे कोलकाता. मग ओडिशा, म्हणजे भुवनेश्वर.

तेविशीपर्यंत एवढी शहरं! अनिकेत काही 'खालच्या लीग'चा खेळाडू नाही, देशाच्या वरच्या पायरीवर खेळलेला आहे. मग वरच्या पायरीवरच्या मुलाची एवढी फिरती असेल, तर खालच्या पायरीवरच्यांची किती असेल याचा अंदाज करा.

४) फिरतं कोण?

आता मी केलेला खरा अभ्यास इथून सुरू होतो. खेळाडूने किती क्लब बदलले हे सगळे मोजतात. मी उलट केलं. त्याने सोडलेल्या जागांचं पुढे काय झालं, ते शोधलं.

पुणे एफसी : २००७ मध्ये सुरू झाला, २०१२-१३ च्या आय-लीगमध्ये दुसरा आला. २०१५ मध्ये बंद.

इंडियन ॲरोज : फेडरेशनने २०२२ मध्ये बंद केला.

हैदराबाद एफसी : २०२२ चा विजेता. दोन वर्षांच्या आत पगार थकले, खेळाडू सोडून गेले. २०२५ मध्ये हा क्लब दिल्लीला हलला आणि नावही बदललं.

हा हैदराबाद क्लब आला कुठून? २०१९ मध्ये पुण्याची एफसी पुणे सिटी बंद पडली आणि लीगमधली तिची जागा हैदराबादला मिळाली. आणि ओडिशा एफसी? तो आधी दिल्ली डायनामोज होता, २०१९ मध्ये भुवनेश्वरला गेला. म्हणजे पुण्याची जागा हैदराबादला, दिल्लीचा क्लब भुवनेश्वरला, आणि मग हैदराबादचा क्लब दिल्लीला! आपण खेळाडूला फिरता म्हणतो, पण इथे क्लबच बिऱ्हाड पाठीवर घेऊन फिरतायत.

नुसत्या पुण्याकडे बघा. साताऱ्याहून दोन-अडीच तासांचं अंतर. आपल्याकडच्या मुलाला व्यावसायिक फुटबॉल खेळायचं तर सगळ्यात जवळचं शहर तेच. २०१५ मध्ये पुणे एफसी गेला. त्याच सुमारास भारत एफसी एकच हंगाम खेळून गेला. २०१७ मध्ये डीएसके शिवाजीयन्स गेला. २०१९ मध्ये एफसी पुणे सिटी गेली. पाच वर्षांच्या आत एका शहरातले चार क्लब! मुंबईत महिंद्रा युनायटेड २००५-०६ मध्ये देशाचा विजेता होता, तो २०१० मध्ये बंद झाला. मुंबई एफसी २०१७ मध्ये खालच्या श्रेणीत गेला आणि संपला.

यातल्या एखाद्या क्लबात दोन वर्षं खेळलेल्या मुलाच्या बायोडेटावर काय दिसेल? 'दोन वर्षं.' मुलाने क्लब सोडला की क्लबने मुलाला सोडलं, हे बायोडेटावर दिसत नाही. थर्मोच्या भाषेत सांगायचं तर आपण फक्त सिस्टिम बघतो, सराउंडिंग्ज सोडून देतो, आणि मग हिशोब जुळत नाही म्हणून सिस्टिमलाच दोष देतो.

५) नऊ नंबरची जागा कुणाची?

फॉरवर्डला आणखी एक अडचण आहे. आयएसएलमध्ये सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी खेळाडू चालत. २०१७-१८ पासून पाच, २०२१-२२ पासून चार. प्रत्येक क्लब आपला पैसा कुठे लावेल? गोल करणाऱ्यावर. त्यामुळे मधली, नऊ नंबरची जागा बहुतेक संघांत परदेशी खेळाडूकडे जाते. २०१४ पासून २०२५ पर्यंतच्या अकरा हंगामांत सगळ्यात जास्त गोल करण्याचा मान एकदाही भारतीय खेळाडूला मिळाला नाही. अनिकेत हैदराबादला होता त्या हंगामात संघाचा मुख्य गोलकर्ता नायजेरियाचा बार्थोलोम्यू ओगबेचे होता, त्याने अठरा गोल केले.

मग भारतीय फॉरवर्डचं काय होतं? त्याला विंगला ढकलतात, किंवा शेवटची वीस मिनिटं मैदानात पाठवतात. वीस मिनिटांत गोल झाला नाही की 'फिनिशिंग नाही' म्हणतात. जागा मिळेना म्हणून दुसरा क्लब शोधावा, तर तिथेही नऊ नंबरवर कुणीतरी परदेशी आहेच. परदेशी खेळाडू नकोत असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे बघूनच आपली मुलं शिकतात. पण गोलांचा आकडा वाचताना त्याच्या शेजारी मिनिटांचा आकडाही वाचायला हवा. नव्वद मिनिटं खेळणाऱ्याला आणि वीस मिनिटं खेळणाऱ्याला एकाच फुटपट्टीने मोजणं म्हणजे लॅबमध्ये लोड न बघता स्ट्रेन लिहिण्यासारखं आहे. असं जर्नल आपल्या सरांनी साइन केलं असतं का?

६) कराराचं यंत्र

आता हे फिरणं चालतं कसं, ते थोडक्यात. फिफाच्या नियमाप्रमाणे खेळाडूचा करार कमीत कमी चालू हंगाम संपेपर्यंत आणि जास्तीत जास्त पाच वर्षांचा असतो. खेळाडू क्लब बदलू शकतो तो वर्षातून दोनदा, ठरलेल्या मुदतीतच. एका हंगामात तीन क्लबांकडे नोंदणी करता येते, पण अधिकृत सामने सहसा दोघांकडूनच खेळता येतात. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला हवा असेल, तर तो पैसे मोजतो. थोड्या काळासाठी उसना दिला तर त्याला लोन म्हणतात. आणि करार संपला की खेळाडू मोकळा.

हे 'मोकळा' प्रकरण पूर्वी नव्हतं. बेल्जियममध्ये जाँ-मार्क बोसमन नावाचा एक साधा खेळाडू होता, स्टार वगैरे नाही. १९९० मध्ये त्याचा लिएज क्लबशी करार संपला. फ्रान्सच्या डंकर्कला तो हवा होता, पण करार संपूनही लिएज पैसे मागत राहिला आणि बदली अडली. बोसमन कोर्टात गेला. १५ डिसेंबर १९९५ ला युरोपीय न्यायालयाने निकाल दिला : करार संपला की खेळाडू कुणाचा बांधील नाही. तेव्हा बोसमन एकतीस वर्षांचा होता, खेळायची वर्षं सरत आली होती. त्याच्या निकालावर पुढे मोठ्या खेळाडूंनी करोडो कमावले. त्याच्या वाट्याला मात्र हलाखी आली.

पण या निकालाला दुसरी बाजूही आहे. करार संपल्यावर खेळाडू मोकळा होतो, तसा क्लबही मोकळा होतो! पोस्टरवरच्या खेळाडूला सुटणं म्हणजे जास्त पगार. रोजंदारीवरच्याला सुटणं म्हणजे जूनपासून पगार बंद. शब्द एकच, अर्थ दोन. २०२५ मध्ये हे सगळ्यांनी पाहिलं. आयोजक आणि फेडरेशन यांच्यातला करार संपत आला म्हणून जुलैमध्ये आयएसएलचा पुढचा हंगाम थांबवला गेला आणि काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच रोखले. शेवटी हंगाम सुरू झाला तो फेब्रुवारी २०२६ मध्ये. मधले महिने फॉरवर्डने घर कशावर चालवायचं?

जुन्या काळी याला एक उपाय होता. मुंबईत टाटा, मफतलाल, ऑर्के मिल्स, एअर इंडिया, महिंद्रा यांचे संघ होते. खेळाडू कंपनीत नोकरीला असायचा, सकाळी सराव, मग ऑफिस. पैसे आजच्याएवढे नव्हते, पण गुडघा गेला तरी पगार जात नव्हता. व्यावसायिक क्लब आले तशी रक्कम वाढली आणि खाली धरलेली जाळी निघाली. दोन्ही पद्धती मी टेबल करून समोरासमोर मांडल्या, तरी कुठली चांगली ते मला एका वाक्यात सांगता येत नाही. पण जाळी काढायची असेल, तर निदान क्लब तरी पक्का असावा.

७) आमच्या घरातला जर्नीमन

हा विषय मला का सुचला, ते आता सांगते. माझे बाबा टूलरूममध्ये फिटर आहेत. बावीस वर्षांत त्यांनी पाच कंपन्या पाहिल्या, आधी सातारा एमआयडीसी, मग कुपवाड, मग परत सातारा. आमच्या नातेवाइकांत यावरून बोलणं व्हायचं. लग्नकार्यात कुणीतरी हमखास विचारायचं, ''काय, सध्या कुठं?'' त्यातल्या त्या 'सध्या'वर जोर असायचा. आजीसुद्धा म्हणायची, ''ह्याचं बूड एका जागी ठरत नाही.'' बाबा हसायचे आणि विषय बदलायचे.

अनिकेतच्या क्लबांचं काय झालं हे लिहून काढल्यावर मी त्याच वहीत पुढच्या पानावर बाबांच्या कंपन्या लिहिल्या. पहिली बंद पडली. दुसरीने मशिनरी दुसऱ्या राज्यात हलवली आणि इथल्या लोकांना हिशोब करून दिला. तिसरी विकली गेली, नव्या मालकांनी टूलरूमच बंद करून काम बाहेर दिलं. चौथी बाबांनी स्वतः सोडली, कारण पाचवीत पगार जास्त होता. म्हणजे चार वेळा जागा बदलली, त्यातल्या तीन वेळा बाबा जागेवर होते, जागाच हलली! बावीस वर्षांत पाच गेटपास झाले. पण मायक्रोमीटर धरणारा हात तोच राहिला, आणि प्रत्येक ठिकाणी पहिल्या आठवड्यातच त्यांच्याकडे अवघड जॉब यायला लागले.

ते पान मी सुट्टीत घरी नेलं. बाबांनी चष्मा लावून वाचलं, दुसऱ्या कंपनीचं वर्ष खोडून बरोबर केलं आणि म्हणाले, ''हे आजीला वाचून दाखव.'' मी दाखवलं. आजी काही बोलली नाही. पण त्यानंतर बुडाचा विषय तिने काढलेला नाही.

८) सातारा-सांगलीतून बघताना

आपल्या दोन जिल्ह्यांत गुण नाहीत असं कोण म्हणेल? हेलसिंकीला १९५२ मध्ये ब्राँझ जिंकणारे खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. ललिता बाबर माणची, स्मृती मंधाना सांगलीची. मिरजेतही फुटबॉलवर प्रेम करणारे लोक आहेत, संध्याकाळी मैदानावर जाऊन बघा. पण कुस्तीत गावच्या जत्रेपासून महाराष्ट्र केसरीपर्यंत एकामागे एक पायऱ्या आहेत. फुटबॉलमध्ये मिरजेच्या मैदानानंतर पुढची पायरी कोणती? पुण्यातले चार दरवाजे बंद झालेले आपण पाहिले. कोल्हापूरचा मुलगा निदान तालमीच्या संघातून हजारो लोकांसमोर खेळतो. साताऱ्याच्या मुलाने पेठ नाक्यावर गाडी बदलून कुठे जायचं?

फिफाचा एक नियम आहे. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशात पैसे मोजून विकला गेला, तर त्या रकमेतले पाच टक्के त्याला बारा ते तेवीस या वयात ज्यांनी घडवलं त्या क्लबांना वाटून द्यायचे. नियम सुंदर आहे. पण पैसे मोजलेच नाहीत, खेळाडू करार संपल्यावर गेला, तर पाच टक्के कशाचे? आणि ज्या लहान क्लबाने मुलाची रीतसर नोंदणीच केलेली नाही, त्याने मागायचं कशाच्या आधारावर? म्हणून जे सिनियर्स आपल्या गावी मुलांना फुटबॉल शिकवतात त्यांना एकच विनंती : मुलाची नोंदणी करा, तारखेसकट कागद जपा. पुढे कोण कुठे जाईल सांगता येत नाही.

९) निष्कर्ष

अभ्यासाला निष्कर्ष हवा, नाहीतर सर सही करत नाहीत. कुणाचंही करिअर वाचताना खालचे चार प्रश्न विचारावेत, असं मला वाटतं.

एक, त्याने जागा सोडली, की जागेने त्याला सोडलं? दोन, त्याला मिनिटं किती मिळाली? तीन, त्याच्या आधी आणि नंतर त्या जागेवर कोण होतं? चार, प्रत्येक नव्या ठिकाणी त्याला परत बोलावणारं कुणी होतं का? यातला चौथा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ज्याला काम येत नाही त्याला एकदा चुकून घेतात. पाच-पाच, सहा-सहा ठिकाणी घेतात ते काम येतं म्हणूनच.

पुढच्या वर्षी आपल्या कॅम्पसमध्ये कंपन्या येतील. कुणी पहिल्याच दिवशी सिलेक्ट होईल, त्याच्या नावाचं फ्लेक्स लागेल. कुणी चाकणला ट्रेनी म्हणून जाईल, वर्षभराने रांजणगावला, मग शिरवळला. आपल्यातल्या बहुतेकांचं आयुष्य या दुसऱ्या प्रकारचं असणार आहे, हे आत्ताच मान्य केलेलं बरं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. फक्त हातातलं काम पक्कं असावं, आणि निघताना हिशोब आणि सर्टिफिकेट मागून घ्यावं.

आणि हो, मेसच्या टेबलवर एखाद्या फॉरवर्डचं नाव निघालं आणि कुणी म्हणालं की हा टिकत नाही, तर त्याला आधी एवढंच विचारा : कोणता क्लब टिकलाय?

— एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी